‘सर्व सर्व्हरवर करा’ : मराठीच्या अभ्यासकांना एक सवाल

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून आमच्या परिसंवादांना नवा जोम चढला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातही ‘मराठी ज्ञानभाषा कशी होईल’ या विषयावर बोलावणी येऊ लागली. अशा दोन चर्चासत्रांना आम्ही हजर होतो, एकात निबंधही वाचला. तेव्हा पुढे जी टीका येणार आहे तिच्यातून आम्ही स्वतःला वगळलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. या चर्चासत्रांत एक प्रसंग हटकून घडतो. वक्ता खिशातून कागद काढतो आणि शब्दांची यादी वाचतो. डेटाबेसला विदागार म्हणावे, सॉफ्टवेअरला आज्ञावली म्हणावे, नेटवर्कला जालक म्हणावे. सभागृह टाळ्या वाजवते. मग चहा होतो, आणि ज्ञानभाषेच्या दिशेने एक पाऊल पडले असे मानून सारे आपापल्या गाडीला लागतात.

आमचे म्हणणे असे आहे की ही यादी मुळात चुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. आणि योग्य प्रश्न आम्हाला विचारला तो कोणा भाषाशास्त्रज्ञाने नव्हे, तर कॅम्प नंबर तीनमधल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने.

आम्ही याच कॅम्प तीनमध्ये राहतो. ज्यांना हा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने जो तळ उभारला होता त्याच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आणून वसवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव मिळाले, तरी पाऊणशे वर्षांनंतरही पत्त्यांतून ‘कॅम्प’, ‘बॅरेक’, ‘सेक्शन’ हे लष्करी शब्द गेलेले नाहीत. बराकी पडल्या, त्यांच्या जागी चारमजली इमारती आल्या, आणि इमारतीच्या पाटीवर बॅरेक नंबर राहिला. ‘तीन नंबरला उतर, तिथून चालत ये’ हे वाक्य आमच्याकडे सिंधी दुकानदारही बोलतो आणि खानदेशातून आलेला कामगारही. त्यातला ‘नंबर’ इंग्रजी आहे म्हणून वाक्य इंग्रजी होत नाही. ‘ला’, ‘तिथून’, ‘चालत’, ‘ये’ यांनी ते मराठी केलेले आहे. कोणी ‘छावणी क्रमांक तीन’ म्हणून पाहावे. रिक्षावाला पुढे निघून जाईल. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

तर हा विद्यार्थी. मराठी घेऊन बी.ए. झाला, मग पोटासाठी संगणकाचा एक अभ्यासक्रम केला आणि बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीत रात्रपाळीला लागला. बँकांची यंत्रणा दुरुस्त करायची ती शनिवारी मध्यरात्रीनंतर, गिऱ्हाईक झोपलेले असताना. त्यामुळे त्याची शनिवारची रात्र आम्ही ओळखू लागलो होतो. कधी तो नवी मुंबईतल्या कचेरीत जाई, कधी घरूनच काम करी. त्याच्या घरात दोन खोल्या; बाहेरच्या खोलीत लॅपटॉप, आत आई-वडील. एका सोमवारी संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि एक छापील कागद पुढे करून म्हणाला, ‘सर, ह्यात मी काय चुकीचं वाचलं तेवढं सांगा.’

त्या कागदाकडे वळण्याआधी यंत्रणा कशी असते ते पाहू. साहित्याच्या माणसाला ती अवघड वाटू नये. बँकेचे सॉफ्टवेअर एकाच यंत्रावर नसते. ते दोन, तीन, चार सर्व्हरवर बसवलेले असते. प्रत्येक सर्व्हरवर त्या प्रोग्रामची स्वतंत्र प्रत असते आणि एक सर्व्हर बंद पडला तर बाकीचे त्याचा भार उचलतात. या जुळ्या-तिळ्यांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात आणि त्यातल्या एकेकाला नोड. पण खातेवही, म्हणजे डेटाबेस, सर्वांत मिळून एकच. तुम्ही शाखेत पैसे भरा की एटीएमवर, नोंद कोणत्याही सर्व्हरमार्फत जावो, पोचते ती त्याच वहीत. पोथ्या अनेक आणि खतावणी एक, असा हा संसार आहे.

आता या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करायची असते. तिला पॅच म्हणतात. (एका चर्चासत्रात ‘ठिगळ’ हा प्रतिशब्द सुचवला गेला. ठिगळ वरून दिसते. पॅच चांगला लागला तर कोणालाच दिसत नाही. असो.) या पॅचचे बहुधा दोन भाग असतात. एक भाग प्रोग्रामच्या फायलींचा. तो प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्रपणे लावावा लागतो, कारण प्रत प्रत्येकाकडे वेगळी आहे. दुसरा भाग डेटाबेसचा. तक्त्यांची रचना बदलणारी किंवा त्यांतली माहिती सुधारणारी एक स्क्रिप्ट असते. ती मात्र एकदाच चालवायची, कारण डेटाबेस एकच आहे. या व्यवसायातले अर्धे शहाणपण एवढ्या फरकात आहे: काय प्रत्येक ठिकाणी करायचे, आणि काय सर्वांच्या वतीने एकदाच.

विद्यार्थ्याने आणलेल्या कागदावर एकच ओळ महत्त्वाची होती. मूळ इंग्रजी होती. तिचा अर्थ असा: ‘पॅच आणि स्क्रिप्ट सर्व सर्व्हरवर चालवा.’ स्क्रिप्टचे काम होते काही आवर्ती ठेवींच्या खात्यांत कमी पडलेल्या व्याजाचा फरक जमा करण्याचे. रात्री दोनच्या सुमारास त्याला शंका आली. त्याने वरिष्ठाला फोन केला. झोपेतून उठलेला वरिष्ठ म्हणाला, ‘लिहिलंय तसं कर.’ त्याने लिहिले होते तसे केले. पहिल्या सर्व्हरवरून स्क्रिप्ट चालवली. फरक जमा झाला. दुसऱ्या सर्व्हरवरून चालवली. तोच फरक त्याच वहीत पुन्हा जमा झाला. पहाटे ताळा जुळेना. रविवारचा दिवस शनिवारच्या रात्रीची राखीव प्रत परत बसवण्यात आणि मधल्या नोंदी पुन्हा घालण्यात गेला, सोमवारी शाखा उशिरा उघडल्या, पेन्शन काढायला आलेली म्हातारी माणसे पायऱ्यांवर बसून राहिली. मुलाला लेखी खुलासा मागितला गेला आणि त्या कामावरून काढण्यात आले.

आम्ही कागद तीनदा वाचला. त्याने काहीही चुकीचे वाचलेले नव्हते.

जाणकार येथे म्हणतील की दोष स्क्रिप्टचा. दुसऱ्यांदा चालली तरी अपाय होऊ नये अशा रीतीने स्क्रिप्ट लिहिणे हे चांगल्या प्रोग्रामरचे लक्षण आहे. आम्हाला हे मान्य आहे. परंतु ती खबरदारी म्हणजे तरी काय असते? ‘हा फरक आधी जमा झाला नसेल तरच जमा कर’ हे एक वाक्य. संकेतार्थी वाक्य, शाळेत शिकवतात ते. म्हणजे एक वाक्य कागदावर धड लिहिले गेले नाही आणि दुसरे यंत्राच्या भाषेत लिहिलेच गेले नाही. दोन्ही चुका वाक्याच्याच आहेत. संज्ञेची चूक यात कोठेही नाही. त्या मुलाला डेटाबेस म्हणजे काय ते ठाऊक होते. त्याला विदागार म्हटले असते तर व्याज एकदाच जमा झाले असते काय?

आमच्या पहिल्या आक्षेपाची जागा ही आहे. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशापासून १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाच्या परिभाषाकोशांपर्यंत आमची भाषाविषयक कळकळ प्रामुख्याने नामांवर खर्च झालेली आहे. त्या कोशांची आम्ही थट्टा करणार नाही. ‘पदनाम कोशा’ला ‘बदनाम कोश’ म्हणून हिणवणाऱ्यांनी नंतर ‘संचालक’ आणि ‘अधीक्षक’ हे शब्द निमूटपणे वापरले. प्रश्न कोशांचा नाही. प्रश्न असा आहे की नामे बदलली की भाषा ज्ञानाची होते, हा भ्रम आम्ही तीन पिढ्या शिकवला. ज्ञान नामांत साठते हे खरे असेल, पण ते चालते ते क्रियापदांनी, अव्ययांनी आणि विभक्तिप्रत्ययांनी. कोणी, कशावर, कशानंतर, किती वेळा, काय झाल्याशिवाय नाही. त्या शनिवारच्या रात्री नेमके हेच हवे होते.

आणि मराठी या बाबतीत दरिद्री आहे काय? मुळीच नाही. मो. के. दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. त्या परंपरेतून आलेल्या शालेय व्याकरणात संख्याविशेषणांचे प्रकार आम्ही सर्वांनी पाठ केले: गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक. ‘एकेक’, ‘दोन-दोन’ ही पृथक्त्ववाचकाची उदाहरणे म्हणून परीक्षेत लिहिली, गुण मिळवले आणि विसरलो. इंग्रजीतले ‘सर्व नोडवर करा’ हे वाक्य सर्वांवर एकाच वेळी की एकामागून एक, हे सांगत नाही. क्लस्टरमध्ये त्या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सर्व सर्व्हर एकाच वेळी बंद केले तर बँक बंद. एकेक करून केले तर एक दुरुस्त होत असताना दुसरा गिऱ्हाईक सांभाळतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. मराठीत ‘एकेका सर्व्हरवर’ म्हणा, ‘आळीपाळीने’ म्हणा, ‘दोन्हींवर एकदम’ म्हणा, ‘कुठल्याही एकावरून’ म्हणा. प्रत्येक वेळी चित्र वेगळे आणि स्वच्छ. शिवाय ‘सर्व्हरवर’ आणि ‘सर्व्हरवरून’ यांतला भेद पाहा. फायली सर्व्हरवर लावायच्या. स्क्रिप्ट सर्व्हरवरून चालवायची, ती पडणार डेटाबेसवर. एका ‘ऊन’ प्रत्ययाने कामाचे ठिकाण आणि परिणामाचे ठिकाण वेगळे होते. हा भेद त्या इंग्रजी कागदावर असता तर तो मुलगा आज त्याच कामावर असता.

येथे कोणी म्हणेल की इंग्रजीतही हे नीट लिहिता येते. येतेच. या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांची पुस्तके पाहिली तर ती फार काळजीने लिहिलेली आढळतात. त्या विद्यार्थ्याच्या मदतीने आम्ही त्यांतली काही वाचली आणि एका ठिकाणी चकित झालो. ओरॅकलचे ई-बिझनेस सूट नावाचे मोठे सॉफ्टवेअर आहे, त्याच्या १२.२ या २०१३ साली आलेल्या आवृत्तीत यंत्रणा चालू असतानाच पॅच लावण्याची सोय केली गेली. ती कशी? प्रोग्रामच्या फायलींच्या दोन पूर्ण प्रती ठेवतात. लोक एकीवर काम करीत असतात, तेव्हा दुसरीवर दुरुस्ती चालते. डेटाबेसच्या आतही बदललेली प्रोग्रामची कलमे वेगळ्या ‘एडिशन’मध्ये राहतात. हो, शब्द आमचाच आहे: आवृत्ती. ओरॅकलने २००९ च्या आपल्या डेटाबेसात तो आणला. तयारी, पॅच लावणे, पूर्तता, बदल आणि सफाई असे पाच टप्पे. बदलाच्या टप्प्याला सेवा थोडा वेळ थांबते, आणि उठते तेव्हा सर्वांच्या पुढे नवी आवृत्ती असते. ग्राहकाची माहिती मात्र दोन आवृत्त्यांत विभागली जात नाही, ती एकच. आणि अनेक नोड असतील तर डेटाबेसचे काम मुख्य नोडवरून एकदा, बाकीच्या नोडवर केवळ फायलींचे. हा भेद तेथे स्पष्ट शब्दांत मांडलेला आहे.

हे वाचताना मराठीच्या अभ्यासकाला परके वाटण्याचे काही कारण नाही. एका संहितेच्या अनेक प्रती, त्यांतली तफावत, ती दूर करण्याची रीत, केलेल्या दुरुस्तीची नोंद: हा तर आमचा वडिलार्जित व्यवसाय. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले. अनेक प्रतींतले अपपाठ दूर करून एक पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी त्यात स्वतःच्या ओव्या घालू नयेत अशी ताकीद दिली. पॅच लावणारा आणि पुढचे बदल कुलूपबंद करणारा असा हा आमचा पहिला मोठा संपादक. त्यांची अडचणही तीच होती: मठामठांतल्या पोथ्या त्यांच्या हातात नव्हत्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम घेतले ते १९६६ मध्ये पुरे झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ पासून ज्या शिस्तीने ते चालवले तिचे एक लहानसे चिन्ह आम्हाला नेहमी थोर वाटत आले आहे: ज्या पाठाची पुरेशी खात्री नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ. संपादकाने वाचकाला दिलेला इशारा, की येथे पाऊल जपून टाक. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावर कोठेही नागमोडी रेघ नव्हती. तो कागद लिहिणाऱ्याला खात्री आहे की नाही हेच कळत नव्हते.

ज्यांना सुखटणकर ठाऊक आहेत त्यांना हा कागद कसा लिहावा हे ठाऊक असले पाहिजे. त्यांनी तो लिहीत नाही म्हणावे, हा आमचा दुसरा आणि मुख्य आक्षेप आहे.

कारण आमच्या विभागांत अशा लेखनाला स्थान नाही. ‘व्यावहारिक मराठी’च्या नावाखाली आम्ही स्वतः वर्षानुवर्षे जे शिकवले त्यात अर्ज होता, बातमी होती, जाहिरात होती, सारांश होता, मुलाखत होती. एखादे काम पायरीपायरीने दुसऱ्याकडून बिनचूक करवून घेणारे लेखन नव्हते. कृतिलेखन ही स्वयंपाकाच्या पुस्तकांची बाब मानली गेली. बरे, स्वयंपाकाचे पुस्तकच घ्या. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० मध्ये आली. वाटी आणि चमचा ही घरोघरी असलेली मापे धरून, नवख्या हातालाही जमेल अशा बेताने लिहिलेले हे पुस्तक. परदेशी जाणाऱ्या मुलींच्या सामानात ते गेले, लाखो घरांत त्यावर हळदीचे डाग पडले. मराठी गद्याच्या इतिहासावर आम्ही जी व्याख्याने ऐकली त्यांत ललित निबंधाच्या अलंकारिक परिच्छेदांना तास दिले गेले. ‘रुचिरा’च्या एका वाक्याचेही विश्लेषण ऐकल्याचे आठवत नाही. वाचकाच्या हातून काही घडवून आणणारे गद्य हे गद्यच नव्हे, अशी ही समजूत. आमच्या मते गद्याची याहून कठोर परीक्षा नाही. ललित निबंधातले वाक्य संदिग्ध राहिले तर त्याला सूचकता म्हणता येते. कृतिसूचनेतले वाक्य संदिग्ध राहिले तर कोणाची तरी नोकरी जाते.

‘तंत्रज्ञांना इंग्रजी येते, मराठीची गरज काय’ हा युक्तिवाद आम्ही अनेकदा ऐकला आहे. त्याला उत्तर त्या रात्रीच्या फोनमध्येच आहे. कागद इंग्रजी होता. फोन मराठी होता. ‘लिहिलंय तसं कर’ हे शब्द मराठी होते. उल्हासनगरपासून ऐरोली-महापेपर्यंत रात्रीचे हे काम मराठीत आणि हिंदीत बोलूनच चाललेले असते: ‘तिकडचा बंद झाला का?’, ‘आधी बॅकअप घेतलास ना?’, ‘थांब, लॉग बघतो.’ मराठी ही या कामाची भाषा झालेलीच आहे, फक्त ती लिहिली जात नाही. लिहिताना माणूस इंग्रजीकडे वळतो आणि मग दोन्ही भाषांत न बसणारे वाक्य जन्माला येते. तो कागदही, आमचा अंदाज आहे, मनात भारतीय भाषेत विचार करणाऱ्या कोणीतरीच घाईत इंग्रजीत उतरवलेला होता. ज्ञानभाषेसाठी आपण दिल्लीकडे डोळे लावून बसलो, आणि ती येथे विठ्ठलवाडीच्या गाडीत दाराशी उभी राहून फोनवर बोलते आहे.

दुसरा युक्तिवाद अधिक चतुर आहे. म्हणतात, हे सारे आता यंत्रेच करतील. पॅच आपोआप लागतील, कागदच उरणार नाही. १९ जुलै २०२४ चा दिवस आठवून पाहावा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल आपल्याकडच्या सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपोआप जगभर जाऊ लागली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली गेली. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून बसली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि दुरुस्ती? ती आपोआप होईना, कारण यंत्र सुरूच होत नव्हते. पुष्कळ ठिकाणी एकेका यंत्रापुढे माणूस बसवावा लागला: सेफ मोडमध्ये यंत्र सुरू करा, अमुक फोल्डर उघडा, अमुक आकड्याने सुरू होणारी फाइल तेवढी काढा, पुन्हा सुरू करा. चुकीचा पॅच आपोआप गेला. बरोबर करायला शेवटी कागदावरच्या चार ओळी आणि त्या नीट वाचणारा माणूस लागला.

त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै २०२४ ला, सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवरील खंडणी-हल्ल्यामुळे तिच्या सेवेवर चालणाऱ्या सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, देयक व्यवहार खबरदारी म्हणून तोडावे लागले. दुसऱ्या दिवशी ते पूर्ववत झाले. हल्लेखोरांना वाट मिळाली ती एका सहयोगी कंपनीच्या जेन्किन्स सर्व्हरमधून, असे एका सुरक्षा-संशोधन संस्थेच्या अहवालाने म्हटले. त्या अहवालात ज्या दोषाचा उल्लेख आहे त्याची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्येच उपलब्ध झाली होती. मोठ्या बँकेत पॅचसाठी वेगळा विभाग असतो. लहान बँकेसाठी तो बहुधा कोणी एक मुलगा असतो, आणि त्याच्या हातात एक कागद.

भाषांतराची यंत्रे आली आहेत, तीच मराठी कागद तयार करतील, असेही हल्ली ऐकू येते. आम्ही ते करून पाहिले. ती ओळ यंत्राला दिली. त्याने शुद्ध मराठीत उत्तर दिले: ‘सर्व सर्व्हरवर पॅच आणि स्क्रिप्ट चालवा.’ संदिग्धता एका भाषेतून दुसऱ्या भाषेत सुखरूप पोचली. ‘स्क्रिप्टही सर्वांवर?’ हा प्रश्न विचारण्याचे काम भाषांतराचे नसून संपादनाचे आहे, आणि संपादन शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हाच तर या लेखाचा विषय आहे.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. पुढच्या परिसंवादात यादी वाचू नका. डेटाबेस, सर्व्हर, नोड, पॅच हे शब्द कॅम्प आणि बॅरेकप्रमाणे राहू द्या. राहायचे ते राहतील, जायचे ते जातील. आपल्या वर्गात बसलेल्या, रात्रपाळी करून आलेल्या मुलांना त्यांच्या कामाचे कागद आणायला सांगा. बँकेचे, कारखान्याचे, रुग्णालयाचे, कसलेही. गोपनीय ते खोडून आणू द्या. त्यांतले एकेक वाक्य फळ्यावर लिहा आणि जसे कवितेच्या ओळीचे पदर सोडवता तसे त्याचे किती अर्थ होतात ते मोजा. मग ते पुन्हा लिहा, असे की एकच अर्थ उरेल. याला पदवीच्या गुणपत्रिकेत जागा द्या. सहकारी मित्र म्हणतील की हे कारकुनी काम आहे. भांडारकर मंदिरातही पाठभेद टिपणारे लोक तासन्‌तास अक्षरे जुळवीतच बसले होते.

बोलून दाखवले ते करून दाखवावे म्हणून आम्ही आणि त्या विद्यार्थ्याने मिळून तो कागद मराठीत लिहिला. पहिला खर्डा आमचा होता आणि तो फसला. आम्ही लिहिले, ‘दोन्ही सर्व्हरवर’. तो म्हणाला, ‘सर, काही बँकांत तीन असतात, आणि दूरच्या शहरात आणखी एक संच राखीव असतो. दोन्ही म्हटलं की तिसरा राहून जाईल.’ आम्ही लिहिले, ‘स्क्रिप्ट यशस्वी झाल्याची खात्री करावी.’ तो म्हणाला, खात्री कशी करायची ते लिहा, नाहीतर माणूस खात्रीसाठी तीच पुन्हा चालवील. हे आम्हाला सुचलेच नसते. तासाभराने जे उरले ते असे:

‘या पॅचचे दोन भाग आहेत. पहिला भाग फायलींचा. तो प्रत्येक सर्व्हरवर, एकेक करून लावायचा आहे. एका सर्व्हरवरचे काम संपून तो पुन्हा सुरू झाल्याशिवाय पुढचा बंद करू नये. दुसरा भाग डेटाबेसच्या स्क्रिप्टचा. सर्व सर्व्हरवर पहिला भाग लागल्यानंतरच, कुठल्याही एका सर्व्हरवरून, ती एकदाच चालवायची आहे. चालवण्याआधी डेटाबेसची राखीव प्रत घ्यावी. स्क्रिप्ट चालली की नाही अशी शंका आली, किंवा ती मध्येच थांबली, तर ती पुन्हा चालवू नये. आधी लॉग पाहावा आणि फोन करावा.’

सुंदर गद्य आहे असा आमचा दावा नाही. पण त्यातले एकही वाक्य आम्ही वर्गात शिकवलेल्या कोणत्याही उताऱ्यातून आलेले नाही, हे लिहिताना थोडे ओशाळायला झाले.

तो मुलगा त्या कामावर परत गेला नाही. कंपनीने त्याला दुसरीकडे बसवले आहे. कागद मात्र त्याने मोबाइलवरून त्याच्या जागी आलेल्या मुलाला पाठवला, तो अंबरनाथचा. गेल्या शनिवारी रात्री अकराला अनोळखी नंबरावरून आम्हाला फोन आला. ‘सर, तुम्ही लिहिलेला कागद माझ्याकडे आहे. त्यात कुठल्याही एका सर्व्हरवरून म्हटलंय. म्हणजे पहिल्यावरूनच ना? की बघून ठरवायचं?’ आम्ही विचारले, फरक पडतो का? तो म्हणाला, ‘फरक नाही पडत, पण ठरवायला लागतं ना सर, रात्री दोनला.’ आम्ही ‘कुठल्याही एका’ खोडले आणि तेथे ‘पहिल्या’ असे लिहिले.